धाकट्या जावेचं हॉस्टेल

माझी धाकटी जाऊ तिशी ओलांडल्यावर विद्यापीठात शिकायला गेली, हॉस्टेलवर राहायला लागली, आणि मी तिच्यावर जळायला लागले. त्याआधीची सगळी वर्षं मी तिची कीव करण्यात घालवली होती आणि ती वर्षं बरी गेली होती.

आम्ही आर्वीचे. बाजार समितीच्या रस्त्यावर आमचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. सासरे, आमचे हे आणि धाकटे दीर मिळून ते सांभाळतात. मी अल्लीपूरची, शेतकऱ्याच्या घरची. बी.ए.चं पहिलं वर्ष झालं आणि लग्न होऊन इथे आले. जाऊ समुद्रपूरकडची. ती बी.ए. पूर्ण करून आली होती, पण त्याचं कोणाला कौतुक नव्हतं, कारण तिला मूल होत नव्हतं आणि लोकांना बोलायला तेवढा विषय पुरत होता. नागपूरचे डॉक्टर झाले, औषधं झाली, उपास झाले. मला मुलगी आणि मुलगा दोन्ही. हळदीकुंकवाला बायका मला आधी बसवायच्या, तिला मागून हाक मारायच्या. मी मुद्दाम तिला माझ्याजवळ बसवून घ्यायचे. आपलं मन किती मोठं आहे, असं वाटून मला बरं वाटायचं.

एकदा सगळे जेवायला बसलेले असताना ती सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, मले एम.ए. कराचं आहे. समाजकार्यात. वर्ध्याच्या विद्यापीठात."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "रोजचं जानं-येनं जमन का तुले? पार थकून जाशीन."

"हॉस्टेल भेटते तिथं."

"लग्न झालेल्या बाईले?"

तेव्हा माझे दीर, जे घरात दिवसाला चार वाक्यं बोलत असतील-नसतील, ताटातून मान वर न करता म्हणाले, "मी पाहून आलो. जागा चांगली आहे. बायांचं हॉस्टेल अलग आहे."

म्हणजे दोघांचं आधीच ठरलं होतं. दीर दुकानाच्या कामाला म्हणून वर्ध्याला गेले होते आणि तिच्यासाठी हॉस्टेल पाहून आले होते. आमच्या ह्यांनी माझ्यासाठी असं काही पाहून आल्याचं मला आठवेना. मी पोळी वाढायला उठले.

सासऱ्यांनी हात धुतले, पुसले, आणि म्हणाले, "जा. पन अर्धं सोडून वापस येऊ नोको."

म्हणाले तिला. लागलं मला.

तिला सोडायला आम्ही सगळे गेलो. शहराबाहेर रुंद रस्ते, दोन्ही बाजूंनी कडुनिंब, मध्येच नुसत्या काचांच्या दिसणाऱ्या इमारती. मुलं सायकलवर वह्या न घेताच इकडून तिकडे चाललेली. हॉस्टेलमध्ये पुरुषांना खालीच थांबवलं, म्हणून सासूबाई आणि मी तिच्याबरोबर वर गेलो. दोन पलंग, दोन टेबलं, दोन खुर्च्या, भिंतीत दोन कपाटं. दुसरी मुलगी अजून यायची होती. खिडकीतून खेळाचं मैदान दिसत होतं. मी गादी दाबून पाहिली. चांगली होती. मग टेबलाचा खण ओढून पाहिला. रिकामा होता, आणि त्याला कुलूप लावायची सोय होती.

वॉर्डन मॅडमनी तिच्या हातात खोलीची किल्ली ठेवली. तिने ती दोनदा लावून काढून पाहिली. मी दारात उभी होते. आमचं घर दुमजली आहे, पाहुण्यांना वेगळी खोली आहे, पण आतून कडी लावून मी एकटी बसू शकते अशी त्यात एकच जागा आहे, ती म्हणजे न्हाणी. तिथेही कोणीतरी दार वाजवतंच.

परतताना सासूबाई गाडीत रडल्या. मीही रडले. सगळ्यांना वाटलं, जावेसाठी.

ती शनिवारी संध्याकाळच्या एसटीने यायची आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने जायची. आली की स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बोलत राहायची. खरं सांगायचं तर मीच विचारायचे. खाज सुटली की जसं खाजवायचं नसूनही खाजवलं जातं, तसं.

"जेवन कसं आहे?"

"ताट घेऊन लाईनीत उभं राहाचं. तिखट तं नावाले नसते."

"अन् भांडे?"

"भांडे ठेवून द्याचे तिथं टबात. घासनारे घासते."

मी पोळ्या लाटत होते. भांडे ठेवून द्यायचे. एवढे तीनच शब्द, पण आठवडाभर माझ्या डोक्यातून गेले नाहीत. खरकटं टबात टाकायचं, हात धुवायचे आणि मागे वळून न पाहता निघून जायचं. आमच्याकडे भांड्यांना बाई आहे, तरी ती आली का, किती वाजता आली, कढई नीट निघाली का, हे सगळं माझ्याच मागे.

मग लायब्ररी आली. थंडगार हॉल, प्रत्येकाच्या समोर वेगळा दिवा, आणि कोणी कोणाशी बोलायचं नाही असा नियम. नियम! मग हेल्थ सेंटर आलं, जिथे डोकं दुखलं म्हणून गेलं तरी डॉक्टर विचारपूस करतात. सोलरचं गरम पाणी आलं. शुक्रवारी सिनेमा दाखवतात ते आलं. जिम आली. आणि एका शनिवारी ती पायांत पांढरे बूट घालून आली, खेळाचे, लाल नाड्यांचे.

"हे कायले?"

"बॅडमिंटन शिकून राह्यली ताई मी!"

तिचे गाल वर आले होते. ती वयाने लहान दिसायला लागली होती, हे माझ्या मुलीनेही म्हटलं आणि मी तिला उगाच रागावले. इकडे तिच्या वाटणीचं सगळं काम माझ्यावर आलं होतं. सासूबाईंचे गुडघे दुखायचे. येणारे-जाणारे म्हणायचे, "मोठी बिचारी समजदार आहे." समजदार म्हणजे काय, हे मला आता नीट कळलं होतं. जी करून घेते आणि बोलत नाही, ती समजदार.

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात एक दिवस दिरांना फोन आला आणि ते गल्ल्यावरून उठून थेट घरी आले. त्यांचा चेहरा उतरलेला. विद्यापीठात विभागाविभागांचे बॅडमिंटनचे सामने चालू होते, त्यात तिचा पाय मोडला. प्लास्टर घातलं होतं. सासरे म्हणाले, घेऊन या तिला. पण ती येईना. फोनवर तिचा आवाज मला ऐकू येत होता. "आता वापस आली तं सेमिस्टर जाईन बाबा. तुम्हीच म्हनलं होतं, अर्धं सोडू नोको." वॉर्डन मॅडमनी सांगितलं की घरची एक बाई सोबतीला राहिली तर चालेल. खोलीतली दुसरी मुलगी काही दिवस मैत्रिणीकडे झोपेल.

"मोठीले पाठवा," सासूबाई म्हणाल्या.

माझी मुलं मोठी झाली होती आणि स्वयंपाकाला नणंद येऊन राहिली. मी बॅग भरताना उसासे टाकले, देवाला हात जोडले. आतून मात्र मला मेळ्याला निघाल्यासारखं झालं होतं.

जाऊ पलंगावर पाय उशीवर ठेवून बसली होती आणि हसत होती. "शटल मांगं गेलं ताई. मी उलटी पळाली. जिंकून राह्यलो होतो आमी!" तिच्याभोवती मुली होत्या. कोणी बिहारची, कोणी मणिपूरची, एक आपली हिंगणघाटची. एकीने तिच्यासाठी वर्गातल्या नोट्स काढून आणल्या होत्या, दुसरी तिचे केस विंचरून देत होती. खाली हेल्थ सेंटरची चाकाची खुर्ची आणून ठेवलेली. जिन्याशेजारी उतार होता, लिफ्ट होती. पाय मोडला तरी त्या जागेने तिला अडवलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी मेसमध्ये जेवले. वरण पातळ होतं, राजमा शिजला नव्हता, भाजीत मीठ कमी होतं. माझ्या हातून असं झालं असतं तर सासऱ्यांनी ताट सरकवलं असतं. मुली नाकं मुरडत होत्या. मी दोनदा पोळ्या मागून घेतल्या. दुसऱ्याच्या हातचं, गरम, निवांत बसून. उठताना ताट टबात टाकलं, तेव्हा झालेला आवाज मला फार आवडला.

पण मी तिथे विद्यार्थिनी नव्हते, हे रोज कळत गेलं. सकाळी तिला आंघोळ घालायची, खुर्ची ढकलत वर्गापर्यंत न्यायची, मग खोलीत येऊन तिचे कपडे धुवायचे, पुन्हा आणायला जायचं. तिला सगळे दीदी म्हणत. मला आंटी. ती ओळख करून द्यायची, "ये मेरी जेठानी हैं, मेरा खयाल रखने आई हैं," आणि मुली म्हणायच्या, "कितनी अच्छी हैं!" मेसमध्ये वाद सुरू झाला की त्या तिच्याकडे वळायच्या. "दीदी, आपको क्या लगता है?" ती घास संपवायची, विचार करायची आणि सांगायची. आणि त्या ऐकायच्या. आमच्या घरात तिला, मला, कोणालाच असं विचारलं गेलं नव्हतं. आता तिला विचारत होते. मी शेजारी बसून लोणचं चाटत होते.

एका दुपारी त्यांच्या गटाचं काम खोलीत चाललं होतं. लॅपटॉप मांडलेले, पलंगभर कागद. ती म्हणाली, "ताई, चार्जर द्या ना तेवढा." दिला. थोड्या वेळाने, "ताई, ते निळी फाइल." दिली. मग, "ताई, खालून चहा सांगता का सगळ्याइले?" मी गेले, चहा घेऊन आले आणि ट्रे टेबलावर असा ठेवला की चहा सांडला. मुली समजदार होत्या. एकेक करून उठल्या.

"तुले बाई पाह्यजे होती तं गावातून बाई पाठवली असती," मी म्हणाले. "मी काऊन आली?"

"काय झालं ताई?"

"मी तिथंही करतो अन् इथंही करतो. तू इथं राणी होऊन बसली."

तिने मांडीवरचे कागद बाजूला ठेवले. मग हळूच म्हणाली, "तुमी माह्यावर जळून राह्यल्या. पहिल्या दिवसापासून. मले दिसते."

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "हो. जळतो."

"कायच्यावर?"

तिने ते भांडणाच्या आवाजात विचारलं नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, त्यामुळे मी सांगत सुटले. किल्लीवर. टेबलावर. त्या बुटांवर. लायब्ररीत कोणी हाक मारत नाही त्यावर. "अन् ह्या पोट्ट्या तुले विचारते, दीदी तुमाले काय वाट्टे. मले आजवर कोनी विचारलं का, बाई वं, तुले काय वाट्टे म्हून?"

मला वाटलं, आता ती म्हणेल, तुम्हाला लेकरं आहेत. जगात कोणीही हेच म्हटलं असतं. मी त्याचं उत्तरही तयार ठेवलं होतं. ती ते बोलली नाही. तिने सांडलेला चहा आपल्या ओढणीने पुसला आणि म्हणाली, "जळा. पन मी हे सोडनार नाई, तुमी जळल्या तरी."

"सोड म्हनलं का मी तुले?"

"नाई म्हनलं. मी सांगून ठेवतो." मग म्हणाली, "मी क्लासमध्ये असतो तेव्हा तुमी काय करता?"

"तुह्ये कपडे धुतो."

"राहू द्या कपडे. मशीन आहे खाली, पोट्ट्या टाकतीन. तुमी बाहेर जा. फिरा. इथं तुमाले कोनी नाई विचारत कुठं चालल्या म्हून."

ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी तिला वर्गात सोडून मी चालत सुटले. रस्त्याच्या टोकापर्यंत गेले, परत आले, बाकावर बसले. कोणी विचारलं नाही. पहिल्या दिवशी त्याची भीती वाटली, दुसऱ्या दिवशी चटक लागली. जिम दुपारी रिकामी असायची. मणिपूरची मुलगी तिथे एकटीच व्यायाम करत होती, तिने मला दारात पाहिलं आणि चालायच्या मशीनवर चढवलं. "आंटी, यहाँ पकड़िए, नीचे मत देखिए." मी पदर खोचला आणि चालले. समोर काच होती आणि काचेत साडीतली एक बाई कुठेही न पोहोचता घाम गाळत होती. मला हसू आलं. ती मुलगीही हसली. तेवढा वेळ मी जावेवर जळायचं विसरले, म्हणजे नंतर जेव्हा पुन्हा आठवलं तेव्हा कळलं की विसरले होते.

लायब्ररीत कार्डाशिवाय सोडत नसत. जाऊ गार्डला म्हणाली, "मेरे साथ हैं, कुर्सी ये ही चलाती हैं." म्हणून मी आत गेले. ती तिचं वाचत बसली. मी कपाटांमधून हिंडले आणि विदर्भातल्या जुन्या बाजारपेठांवरचं एक जाडजूड पुस्तक काढलं. त्यात आर्वी होती. आमचा कापसाचा बाजार, पुलगावहून येणारी छोटी गाडी, जिच्या गोष्टी सासरे सांगतात आणि आम्ही ऐकत नाही. मी ते वाचायला लागले. वाचायची सवय मोडलेली होती. एक पान संपलं की आधीचं आठवेना, पुन्हा मागे जायचे. पण कोणी हाक मारली नाही. तासभर झाला, दोन झाले असतील, कोणीही हाक मारली नाही. मान वर केली तेव्हा जाऊ माझ्याकडे पाहत होती. तिने लगेच नजर पुस्तकात घातली. बरं झालं. तिने तेव्हा हसून पाहिलं असतं तर मी उठून गेले असते.

तिचं प्लास्टर निघालं आणि मी आर्वीला परत आले. पुस्तक अर्ध्याच्या पुढे गेलं होतं. नणंदेने स्वयंपाकघर मला सोपवलं. सगळ्यांनी विचारलं, तिचा पाय कसा आहे. महिनाभर मी गप्प राहिले. मग एकदा जेवताना म्हणाले, "मले बी.ए. पुरं कराचं आहे."

आमचे हे म्हणाले, "आता? या वयात?"

"ती नाई का गेली?"

"तिचं अलग आहे."

तिचं काय वेगळं आहे, ते सगळ्यांना माहीत होतं. पूर्वी मला त्या वाक्याचं सुख वाटलं असतं. आता तेच वाक्य माझ्या वाटेत आडवं पडलं होतं.

सासूबाई म्हणाल्या, "दोघीही हॉस्टेलवर गेल्या तं मी काय मेसवर जाऊ?" सगळे हसले. मीही हसले, कारण त्या बोलल्या छान. सासरे म्हणाले, "घरूनच होत असन तं कर." झालं. मला परवानगी मिळाली, हॉस्टेल नाही मिळालं.

माझा अभ्यास मुक्त विद्यापीठाचा, गावातल्या एका शाळेत, दर रविवारी. बाक पाचवीच्या मुलांचे, त्यामुळे गुडघे वर येतात. सोबत एक पोलीस आहे, दोन अंगणवाडीताई आहेत, एक नवी लग्न झालेली मुलगी आहे जी मध्येच झोपते. पुस्तकांचं एक कपाट आहे आणि ते रविवारी बंद असतं. शिकवणारे सर मनापासून शिकवतात. पण वर्ग सुटला की सगळे आपापल्या घरी पळतात, कोणाला कोणाचं काय वाटतं ते विचारायला वेळ नाही. जाऊ तोवर एम.ए. झाली, चांगल्या गुणांनी, आणि पीएच.डी.ला तिथेच राहिली. आता तिला स्वतंत्र खोली आहे. हे तिने मला सांगितलं नाही, दिरांनी सांगितलं. तिने माझ्यापासून लपवलं याचाही मला राग आला, आणि सांगितलं असतं तर त्याचाही आला असता.

पहिल्या परीक्षेत बाकी सगळे विषय निघाले, इंग्रजी राहिलं. आमचे हे म्हणाले, "जाऊ दे." जाऊ शनिवारी आली, मार्कशीट पाहिली आणि म्हणाली, "बसा."

तेव्हापासून ती शनिवारी मला इंग्रजी शिकवायची. ओट्याजवळ खुर्ची टाकून, मी भाजी निवडत असताना. तिचं शिकवणं कडक. क्रियापद चुकलं की लाल पेनाने गोल करायची आणि वही माझ्याकडे सरकवायची. "पुन्हा लिहा ताई." मी म्हणायचे, कुकर लावायचा आहे. ती स्वतः उठून कुकर लावायची आणि म्हणायची, "लिहा." ती फार चांगलं शिकवते. तेही मला सोसत नसे. जिच्यावर जळायचं तिच्याचसमोर वही धरून बसायचं, आणि तिने बरोबरची खूण केली की आनंदाने पोट भरायचं, असं माझं वर्ष गेलं.

यंदा इंग्रजी निघालं. काठावर, पण निघालं. निकाल मुलीने मोबाइलवर पाहून सांगितला. मी ह्यांना दुकानात फोन करायच्या आधी जावेला केला.

"लायब्ररीत आहे, थांबा," ती कुजबुजली. तिच्या चपला ऐकू आल्या, जड दार उघडल्याचं ऐकू आलं, मग मोकळी हवा. "आता सांगा."

"निघाली."

ती ओरडली. खरोखरच ओरडली. मग फोनमध्ये चार-पाच मुलींचे आवाज आले, "क्या हुआ दीदी? क्या हुआ?" आणि ती त्यांना सांगत होती, "मेरी ताई पास हो गई! अंग्रेजी में!" आणि कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

मी स्वयंपाकघरात एकटी उभी होते. सासूबाई बाहेर झोपाळ्यावर, मुलगी तिच्या खोलीत. मला फार आनंद झाला. आणि काय झालं म्हणून विचारायला तिच्याजवळ तिथे इतकी माणसं आहेत, याचाही मला हेवा वाटला.